हा कर

चिंताकी गावात दिवेलागणीला शिंदीचं दुकान भरायचं आणि नेमक्या त्याच वक्ताला सिद्धलिंगप्पा राघोबाच्या ओसरीवर येऊन बसायचा. त्यानं स्वतः पोलीस ॲक्शनच्या साली शिंदी सोडलेली. आता राघोबाची सोडवायचा विडा उचललेला. "राघोबा, हा कर," म्हणून रोज त्याचं तोंड हुंगायचा. "माझ्या नवऱ्याचं तोंड हुंगायला बी परका माणूस लागतो गं बाई," असं म्हणत सत्यभामाबाई आतून हसायची. पण दोन वर्षं तिनं सुखाची भाकर खाल्ली ती त्याच्याच जिवावर.

मग राघोबा तापानं गेला. तेरावं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सिद्धलिंगप्पा दारात उभा.

"आता कामून आलाव, अण्णा? हुंगायला कोण ऱ्हायलंय?"

त्याची मान वर होईना. "अक्का, मी त्याचं हुंगायचो, तेवढंच तुमाला दिसलं. तुमी चुलीकडं वळलाव की तो माझं हुंगायचा."

सत्यभामाबाई उंबऱ्यातच थबकली. मग डोक्यावरचा पदर सावरून ओसरीवर आली.

"हा करा."

त्यानं केला. आंबूस भपकारा आला. तिनं नाकाला पदर लावला नाही.

"उद्या दुकान भरायच्या आधी या," ती म्हणाली.