कागदाची पट्टी

सबवूफरचा खोका जमून आला. मिस्त्रीने सवयीप्रमाणे पोर्टच्या, म्हणजे खोक्याला हवेसाठी ठेवलेल्या भोकाच्या, तोंडाशी कागदाची पट्टी धरून स्पीकर तळव्याने दाबला. आतली हवा पोर्टातून सुटली, पट्टी फडफडली. त्याने स्पीकरवरचा हात काढला, तरी ती हलतच राहिली. बाहेर, आत, पुन्हा बाहेर.

वायर तर अजून जोडलीच नव्हती. पंखा बंद, दार बंद, आतल्या खोलीत आजारी बाबा झोपलेले. मग ही हवा कुठली?

वैतागून त्याने पोर्टात फडकं कोंबलं.

“अहो, धावा! बाबांचा श्वास कोंडलाय!” आतून बायको किंचाळली.

त्याने फडकं हिसडून काढलं.

“आला... आला श्वास!”

मिस्त्रीने पुन्हा पोर्टाशी पट्टी धरली. पट्टी संथ हलत होती.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. गिऱ्हाईक खोका न्यायला आलं होतं.