बिनराबाचं रोप

कोंडूनं भाताच्या रोपांची मूठ कुंडलिक गुरुजींच्या ओट्यावर ठेवली. रोपं वीतभरही नव्हती. पिवळी पडलेली, आणि त्यातलं निम्मं तणच.

"गुरुजी, आवणी तोंडावर आली. हे लावू काय?"

अंगणात सारं गाव उभं होतं, पण गुरुजींना शिव्या कुणी देत नव्हतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेणव्याकडच्या या गावात रोप टाकण्याआधी जमीन भाजायची, ही बापजाद्यांची रीत. ऐनाचे टहाळ तोडायचे, शेण-पाचोळ्यासकट वावरात पसरायचे आणि पेटवून द्यायचे. हा राब. राबापायी डोंगराची हजामत झाली आणि खालचा झरा होळीलाच आटू लागला. ते गुरुजींच्या जिवाला लागलं. शाळेमागं त्यांनी पोरांकडून खतखड्डा भरून घेतला. 'टहाळ तोडू नका, झरा मोडू नका' पोरांच्या तोंडी बसवलं. कोंडूच्या लहानीनं तर बापाचा कोयताच कणगीत लपवला.

मोठी माणसं मात्र हसली. "पुस्तकात भात पिकतं काय हो?"

तेव्हा गुरुजींनी पैज मारली. माझ्या वावरात यंदा राब नाही, नुसतं खड्ड्यातलं खत!

ती गेल्या सालची, सत्तावन्नची गोष्ट. नेमकं वैशाखात त्यांना शिक्षकांच्या शिबिरासाठी ठाण्याला जावं लागलं. परतले तर गावभर राबाचा धूर, डोळे चुरचुरत होते. त्यांचं वावर मात्र बायकोनं, गोजरनं, खत घालून नांगरूनसुद्धा ठेवलं होतं. तिच्या मनगटावर हा मोठा फोड.

"काय गं हे?"

"चुलीचा चटका."

गुरुजींचा ऊर भरून आला. चार बुकं न शिकलेल्या बाईला जे पटलं, ते गावाला पटत नव्हतं.

पावसात त्यांचं रोप असं तरारलं, की कोंडू बांधावर उकिडवा बसून बघतच राहिला. वनमहोत्सवाच्या सभेत गावानं नारळ फोडून शपथ घेतली. पुढच्या साली कुणीही राब भाजायचा नाही.

घरी येताना गोजर हळूच म्हणाली, "अवो, आपलं आपल्यापुरतं ऱ्हाऊ द्या ना. गावाला कशाला सांगता?"

"भित्री ती भित्रीच," म्हणून गुरुजी हसले होते.

आणि यंदा डोंगर हिरवा होता, वावरं पिवळी. गुरुजींचंही.

वाडीवरची येसू पुढं आली. तिला जमीन नव्हती. दुसऱ्यांच्या वावरात रोपं लावायची, त्या आवणीच्या मजुरीवर तिचा पावसाळा निघायचा. "आवणी नाय, तर आमी काय खावं, गुरुजी?"

"माझंही गेलंय गं," गुरुजी म्हणाले. "खत तेच, बी तेच. गेल्या साली आलं होतं. तुम्हीच बघितलंत ना!"

"बगितलं म्हून तर," कोंडू म्हणाला. "आज सकाळी लहानीनं लपवलेला कोयता आपण होऊन काडून दिला."

माणसं पांगली. गुरुजी वावरात जाऊन चिखलात मटकन बसले. गावाच्या तोंडचा घास आपण काढला, या विचारानं त्यांना हुंदका आवरेना. गोजर मागोमाग आली होती.

"एवढंच सांग गं मला. गेल्या साली होतं आणि यंदा नाही, असं काय?"

गोजर मनगटावरचा भाजल्याचा जुना डाग चोळू लागली.

"धूर," ती म्हणाली. "गेल्या साली तो गावभर होता. यंदा माझ्या एकटीचा दिसला असता."