निळा शर्ट

शवागाराच्या दाराशी कर्मचारी चाव्यांचा जुडगा घेऊन उभा होता. "ओळख पटवायला घरचं एकच माणूस आत चला," तो म्हणाला. "ट्रकखाली आलेत. जरा मन घट्ट करून."

मामा लगेच भिंतीला टेकले. "माझ्याने नाही बघवणार. आत्ताच दरदरून घाम फुटलाय मला. आणि तुमच्या आईला इथे आणणं तर शक्यच नाही." मग ते थोरलीकडे वळले. "तू जा. तुझी नजर पक्की. एकदा बघितलंस की प्रश्न मिटला."

प्रश्न कसला मिटतोय! घरात थोरलीला सगळे कॅमेरा म्हणायचे. कात्री कुठे ठेवली, छत्री कुणी नेली, कुणाच्या लग्नात कोण कुणाशेजारी तोंड वाकडं करून बसलं होतं, विचारा कॅमेऱ्याला. सगळ्यांना मोठी गंमत. पुसायची सोय मात्र या कॅमेऱ्यात नव्हती. शाळेच्या रस्त्यावर चिरडलेलं एक मांजर तिने लहानपणी पाहिलं होतं. अजूनही डोळे मिटले की ते जसंच्या तसं समोर यायचं, जिभेवरच्या माशीसकट. हे तिने धाकटीशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणि सकाळचे बाबा होते. दारात चप्पल चढवणारे. अंगात राखाडी शर्ट, दुसऱ्या बटणाला पांढरा दोरा, तिनेच घातलेला. "येताना काय आणू गं?" "काही नको." आता आत गेलं की हे बाबा गेलेच. पुढे आयुष्यभर आतलेच दिसणार. थोरलीचे पाय जागचे हलेनात.

"चला ना," कर्मचारी म्हणाला. "मला अजून कामं आहेत."

"मी येते," धाकटी उठली.

मामा उखडले. "तू? पाहुणा आत्ता दारातून गेला तरी त्याला चष्मा होता की नव्हता, ते तुला सांगता येत नाही!"

"म्हणूनच जाते. माझ्या डोळ्यांपुढे काही उभंच राहत नाही, मामा. डोळे मिटले की नुसता काळोख. बघेन, सही करेन, बाहेर येईन. दार लागलं की संपलं."

थोरलीने तिचा हात धरला. मग सोडला. सोडताना स्वतःचीच लाज वाटली, पण सोडला.

दार लागलं. मामा भिंतीवरच्या सूचना पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

धाकटी बाहेर आली ती सरळ कोपऱ्यातल्या नळाशी गेली आणि तोंडावर पाण्याचे हबके मारत सुटली. थांबेचना. शेवटी मामांनीच नळ बंद केला.

"बाबाच आहेत," ती म्हणाली. मग ओल्या तोंडानेच थोरलीसमोर येऊन बसली. "ताई, ऐक. चेहऱ्याला काहीसुद्धा झालेलं नाही. दुपारचे जरा आडवे होतात ना, अगदी तसे. निळा शर्ट घातलाय. वरपर्यंत बटणं लावलेली."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. धाकटीने नजर हलू दिली नाही.

निळा शर्ट सकाळपासून घरी दोरीवर वाळत होता. थोरलीला तो इथूनही दिसत होता, खांद्यांवरच्या चिमट्यांसकट.

"इस्त्री होती का गं?" तिने विचारलं.

"कडक," धाकटी म्हणाली.

थोरलीने डोळे मिटले. दारातल्या बाबांना तिने आत बोलावलं, राखाडी शर्ट उतरवायला लावला. दोरीवरचा निळा काढून आणला, त्यावर इस्त्री फिरवली, त्यांच्या अंगात चढवला आणि खालून एकेक बटण लावायला घेतलं.