पाठमोरा पहारा

"साडेनऊच्या आधी इंजिनाला हात लावायचा नाही," ऑरिन ट्वाइट तळ्याच्या धक्क्यावरून ओरडला. "कायदा आहे."

"वाजून गेले, बाबा," ब्रिटा म्हणाली. "तुमचं घड्याळही तुमच्याइतकंच सावध आहे."

ऑरिनने तिकडे लक्ष दिलं नाही. "मनगट?" त्याने रूबेन कोस्कीला विचारलं.

जेट-स्कीवर बसलेल्या रूबेनने हात वर केला. लाल दोरी मनगटाला बांधलेली होती. चालवणारा पाण्यात पडला की ही दोरी इंजिनापासून निसटते आणि ते बंद पडतं. अख्ख्या मिनेसोटात ऑरिनचा विश्वास काय तो या दोरीवर होता. त्या खालोखाल रूबेनवर.

रूबेन शाळेत गणित शिकवायचा आणि उन्हाळ्यात जलसुरक्षेचे वर्ग घ्यायचा. बोलणं जेमतेम. वसंतात ऑरिनच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून जेट-स्की चालवायला तोच यायचा. ऑगस्टच्या जत्रेत ब्रिटाला पायांत स्कीच्या फळ्या घालून, जेट-स्कीमागे दोर धरून पाण्यावरचे खेळ करून दाखवायचे होते आणि त्याचा सराव रोज चालायचा. दोराने कुणाला ओढायचं तर ऑरिनच्या घरचा नियम ठरलेला. चालवणाऱ्याने फक्त पुढे बघायचं. त्याच्या मागे एकाने उलट्या तोंडाने बसायचं, ओढल्या जाणाऱ्यावरून नजर हलवायची नाही, आणि त्याने हाताने केलेली खूण चालवणाऱ्याला मोठ्याने सांगायची. ही उलटी जागा ऑरिनने स्वतःकडे ठेवली होती. खांदा गेला तरी डोळे शाबूत होते.

या आठवड्यात डोळ्यांना जादा काम लागलं होतं. मंगळवारी त्याची बायको जोलीन गावातून बातमी घेऊन आली. कुणा तरुणाने सोनाराकडे अंगठी घेतली होती, आणि माप ब्रिटाच्या बोटाचं होतं. सोनार नाव सांगायला तयार नव्हता.

"नाव कशाला हवंय?" ऑरिन म्हणाला. "ब्रॉडी. दुसरं कोण?"

ब्रॉडी गाड्यांच्या दुकानदाराचा मुलगा. त्याची बोट दिसायच्या आधी तिच्यातली गाणी ऐकू यायची. धक्क्याजवळ वेग कमी करा, ही पाटी त्याने आजवर फक्त भिजवली होती.

"पाटी न पाळणारा लग्नाची शपथ काय पाळणार?" ऑरिन म्हणाला.

"मुलगी सव्वीस वर्षांची आहे," जोलीन म्हणाली. "तिचं तिला ठरवू दे की."

"ठरवू दे. पण ब्रॉडी नको. माणूस नियमातला हवा, एवढंच माझं म्हणणं."

"मग पोलिसातच दे," असं म्हणून जोलीन मासे तळायला गेली.

तेव्हापासून ब्रिटाच्या आसपास कुणी फिरकलं नव्हतं. तळ्यावर तर ऑरिन निर्धास्तच असायचा. चालत्या जेट-स्कीपासून इतरांनी दीडशे फूट लांब राहायचं, असा त्याचा दंडक होता. मुलीच्या बापाला याहून सोयीचं काय हवं?

आज मात्र ब्रॉडी पायी आला. हातात डोनटचा खोका.

"गुड मॉर्निंग, मिस्टर ट्वाइट. ब्रिटासाठी आणलेत."

"मी देतो," ऑरिन म्हणाला. त्याने खोका उघडला आणि एकेक डोनट अंगठ्याने दाबून पाहिला. जॅम बाहेर आला. दुसरं काही निघालं नाही.

"हे काय चाललंय?" ब्रॉडीने विचारलं.

"ताजे आहेत का बघतोय. तू नीघ. इथे सराव चाललाय."

ब्रॉडी डोकं खाजवत गेला. थोड्या वेळाने पलीकडच्या काठाने त्याची गाणी सुरू झाली. बोट लांब होती. ऑरिनने बोटं पुसली.

"साहेब," रूबेन जेट-स्कीवरून म्हणाला, "तिचे हातमोजे माझ्याकडेच राहिले. हातमोज्यांशिवाय दोर धरायचा नाही."

"बघ, याला म्हणतात माणूस!" ऑरिन खूश झाला. तो स्वतः हातमोजे घेऊन धक्क्याच्या टोकाशी गेला. ब्रिटा तिथे पाय पाण्यात सोडून बसली होती. तिने लहानपणी करायची तसे दोन्ही हात पुढे केले. उजवा मोजा सहज चढला. डावा मध्येच अडला. ऑरिनने बोटाबोटाने दाबत तो नेटाने खाली ढकलला.

"बसला?"

ब्रिटाने मूठ मिटली. उघडली. मग हसली.

"बसला, बाबा."

ऑरिन जेट-स्कीवर उलटा बसला. रूबेनच्या पाठीला त्याची पाठ टेकली. दोर ताणला गेला आणि ब्रिटा पाण्यावर उभी राहिली.

"काय म्हणतेय ती, साहेब?" रूबेनने नेहमीच्या सपाट आवाजात विचारलं.

"अंगठा वर! वेग वाढव!"

वेग वाढला. ब्रिटा डावीकडे झेपावली, उजवीकडे आली, लाटेवरून उडाली.

"काय म्हणतेय?"

"मजेत आहे! असंच चालू दे!"

ब्रॉडीची बोट तिकडेच होती. जवळ येत नव्हती. ऑरिनला वाटलं, हा दिवस निभावला.

आणि महिनाभरात एकदाही न पडलेली ब्रिटा सपाट पाण्यावर, काही कारण नसताना, दोर सोडून पडली.

"पडली! थांब!"

इंजिन मंदावलं. पडलेल्याने हात वर करायचा, म्हणजे ठीक आहे असं समजायचं. लाइफ जॅकेटवर तरंगत ब्रिटाने दातांनी डावा मोजा ओढून काढला. मग हात वर केला, जितका जाईल तितका उंच. बोटावर काहीतरी लखलखलं.

ऑरिनने डोळे चोळले. ब्रॉडी पलीकडच्या काठाला. डोनट सगळे दाबलेले. सकाळपासून तिच्याजवळ तो स्वतः सोडून कुणी गेलं नव्हतं, आणि तिच्यावरून त्याने क्षणभरही नजर काढली नव्हती.

त्याच्या पाठीला टेकलेली पाठ थरथरत होती.

"काय म्हणतेय ती, साहेब?" रूबेनने विचारलं.