आजींना तिकीट नाही

"रुमाल अजून पुढं ओढ," अंब्रुश कुजबुजला. "आणि काठीवर जरा भार दे. कंबरेत वाक."

ट्राम निघाली होती. इबोयानं डोक्यावरचा काळा रुमाल कपाळावर ओढला. रुमाल तिच्या गेलेल्या सासूचा. काठीही तिचीच. दोन्ही अंब्रुशनं गावाहून, सेंतेशहून, निघतानाच बॅगेत घातलं होतं. बुडापेस्टमध्ये पासष्टीच्या पुढं ट्राम फुकट. अंब्रुश अडुसष्टचा, त्याचा प्रश्नच नव्हता. पण इबोया सत्तावन्नची. भाचीच्या लग्नाला दोन दिवस राहायचं म्हणजे तिची सहा तिकिटं, आणि सहा तिकिटांच्या पैशांत मिरचीचं बियाणं येतं. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं गावच्या बाजारात लोक त्याला तोंडावर म्हणत. त्याला ती शाबासकी वाटे.

"मला लाज वाटते रे," इबोया म्हणाली.

"लाजेला बाजारात काय भाव आहे?"

पुढच्याच थांब्यावर चेकर चढला. खिशातून दंडपट्टी काढून त्यानं बाहीवर चढवली आणि सरळ यांच्यापाशी आला. अंब्रुशचं ओळखपत्र त्यानं पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "अडुसष्ट? वाटत नाही, काका." मग इबोयाकडं वळून मान लववली. "हाताचं चुंबन घेतो, आजी," असं वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं म्हणाला आणि पुढं गेला.

त्या संध्याकाळी बहिणीच्या घरी जेवताना अंब्रुशनं ही गोष्ट तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा तर रुमाल बांधून, काठी टेकत नक्कल करून दाखवली. सगळे पोट धरधरून हसले. इबोयाही हसली, तोंडावर हात ठेवून. वरचे दोन दात पडल्यापासून तिला ती सवयच लागली होती. दातांचं या हंगामानंतर बघू, असं अंब्रुश गेले तीन हंगाम म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीनं इबोयाला केस करायला नेलं. ती परत आली तेव्हा अंब्रुशनं आधी ओळखलंच नाही. तांबूस रंगवलेले केस, त्यांना हलकी लाट. ओठांना लाली. निळा झगा, उंच टाचांचे बूट. छान दिसतेय, असं त्याच्या मनात आलं. पण कौतुकातही त्याचा हात आखडता. तो म्हणाला, "चल, उशीर होतोय."

"आज रुमाल नाही आणि काठी नाही," इबोया म्हणाली. "माझं तिकीट काढ."

"चारच तर थांबे आहेत. कोण येतंय?"

"आणि आला तर? आज काही मी आजी दिसत नाही."

ती हसली, आणि हात तोंडाकडं नेला नाही. तिचं म्हणणं अंब्रुशला पटलं, म्हणूनच तो धास्तावला. दंड बारा हजार फोरिंट! तरी तिकीट त्यानं काढलं नाहीच. विसरलो साहेब, गावाकडची माणसं, असं काहीबाही घोकत तो ट्राममध्ये चढला.

तिसऱ्या थांब्यावर चेकर चढला. हा कालचा नव्हता, वेगळाच, पोरसवदा होता. अंब्रुश उगाच खिसे चाचपू लागला. इबोया मात्र ताठ बसली होती. तिनं मान खाली घातली नाही. लग्नात कुणी नाचायला बोलावेल म्हणून वाट बघणाऱ्या मुलीसारखी ती त्या पोराकडं बघत होती.

"ओळखपत्र, काका." त्यानं अंब्रुशचं कार्ड नीट वाचून परत दिलं. मग इबोयाकडं पाहिलं. भरदुपारचं ऊन तिच्या तोंडावर होतं. तो मनापासून हसला.

"तुमचं राहू द्या, आजी. छान दिसताय हं! नातीचं लग्न वाटतं?"

आणि तो पुढच्या बाकाकडं गेला.

बारा हजार वाचले. अंब्रुश डोळा मारायला बायकोकडं वळला. इबोयानं तोंड खिडकीकडं फिरवलं होतं आणि हात पुन्हा तोंडावर गेला होता. त्या हाताकडं अंब्रुशनं पाहिलं. उन्हानं करपलेली कातडी, झाडांच्या चिकानं कायमची काळी पडलेली नखं. तीस वर्षं मिरचीच्या पॉलिहाऊसमध्ये ती राबली. ऑगस्टमध्ये तिथं श्वास घेववत नाही. दर वर्षी ती एक पंखा मागायची, आणि दर वर्षी तो म्हणायचा, दोन महिन्यांसाठी कशाला? तो स्वतः बाजारात, व्हॅनच्या सावलीत गल्ला सांभाळत बसायचा. अंब्रुशला शरम वाटली. अशी वाटली की कानशिलं तापली.

"अहो साहेब!" तो ओरडला. अख्खी ट्राम वळून बघू लागली. "इकडं या. हिचं कार्ड बघायचं राहिलं तुमचं."

"अंब्रुश, गप बस ना," इबोया पुटपुटली.

पण त्यानं तिच्या पर्समधून कार्ड काढून पुढं धरलं. चेकरनं कार्ड पाहिलं, तिचं तोंड पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं.

"सत्तावन्न? पण या तर..." पोरानं जीभ चावली. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "जाऊ द्या काका. मी काही पाहिलं नाही."

अंब्रुशनं पाकीट उघडलं आणि आतल्या सगळ्या नोटा त्याच्या हातावर ठेवल्या.

"वय सत्तावन्नच आहे, साहेब. वरची वर्षं मी चढवलीत. दंड लिहा, माझ्या नावावर."