हलका चाप

बंदुकीच्या एका चापाला पेटंट द्यायचं की नाही, हे तपासणीसबाईंनी ठरवायचं होतं. चाप इतका हलका, की नुसतं बोट टेकलं तरी गोळी सुटावी.

"लहान मुलाच्या हाती लागला तर?" त्यांनी विचारलं.

साहेब वैतागले. "बाई, मायेचे उमाळे घरी ठेवून येत जा. चाप नवा आहे की नाही, एवढंच बघायचं. बाकीचं आपलं काम नाही."

बाई तीन आठवडे जुन्या कागदांत डोकं खुपसून बसल्या. मग त्यांनी फाईल साहेबांपुढे सरकवली.

"अर्ज फेटाळलाय. चाप नवा नाही. सोबत कोर्टाचा जुना निकाल जोडलाय, सातव्या पानावर हाच चाप आहे, आकृतीसकट. आठव्या पानावर गोळी लागून गेलेल्या मुलीचं वय आहे. ते नाही वाचलंत तरी चालेल साहेब, आपलं काम नाही ते."