मागचं चाक

लाँड्रीतल्या बायकांची ने-आण करणाऱ्या व्हॅनच्या मागच्या टायरला भेगा पडल्यात, हे मुकादमबाई मालकाला सांगून सांगून थकली होती. आज तर त्याने गाडीत आणखी एक बाकडं ठोकलं आणि सगळ्या बायकांना आत कोंबलं.

"टायर बदलल्याशिवाय मी बसणार नाही," ती म्हणाली. "आमचे जीव काय वर आलेत?"

"बाई, डोकं खाऊ नका. चांगला ठणठणीत आहे," म्हणत मालकाने टायरला लाथ घातली.

टायरच्या आतून कुणीतरी थाप मारली. मग आणखी एक. गाडीत जितक्या बायका बसल्या होत्या, तितक्याच थापा पडल्या आणि थांबल्या.

मालकाचा चेहरा पांढराफटक पडला. तरी म्हणाला काय, तर "बसा, उशीर होतोय."

मुकादमबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उतरा गं सगळ्या," म्हणत तिने एकेकीला हाताला धरून खाली घेतलं.

"नसती थेरं तुमची. मीच चालवून दाखवतो," मालक तणतणत एकटाच गाडीत बसला आणि त्याने दार आपटलं.

मागच्या टायरमधून थाप आली. एकच.